दाब देऊन खाली, हलकेच वर

सुलेखनाने मन शांत होतं, असं अकोल्याच्या दवाखान्यातल्या एका बाईंनी मला सांगितलं तेव्हा माझ्या नाकात नळी होती, डाव्या मनगटाची कातडी जिभेवर शिवलेली होती आणि तोंडातून लाळेखेरीज काही बाहेर पडत नव्हतं. पडत असतं तर मी त्यांना चार शब्द सुनावले असते. त्या बाई ऑपरेशननंतर बोलायला शिकवायच्या, वयाने लहान आणि मनाने चांगल्या. पण जो माणूस आपण जगतो की मरतो याच्या विचारात पडला आहे त्याला छंद सुचवला की त्याचं डोकं फिरतंच. माझ्यासारखे आजारी असाल तर तुम्हालाही कोणीतरी काहीतरी सुचवेल. मोबाईलवरची भजनं, प्राणायाम, कुंडीतली झाडं. राग आला तर येऊ द्या. रागाने टाके उसवत नाहीत, मी खात्री करून घेतली आहे.

मी अमरावतीत भिक्षुकी करतो. की करत होतो? गेलं वर्षभर मी या एकाच प्रश्नाला धरून बसलो होतो. लग्न, मुंज, वास्तू, सत्यनारायण, श्राद्ध हे आमचं काम. वडीलही हेच करायचे. घसा बसला तर काढा घेऊन भागतं, पाय मुरगळला तर यजमान गाडी पाठवतात. पण उच्चार बिघडला तर तो मंत्र नव्हे, नुसता आवाज, असं वडिलांनी मला लहानपणीच सांगितलं होतं आणि मी ते मनापासून मानत आलो. आणि माझीच अर्धी जीभ कापली गेली.

दाढ

सुरुवात दाढेपासून झाली. उजवीकडच्या खालच्या दाढेचा टवका उडाला होता आणि त्याची धार जिभेला लागायची. तिथे फोड आला. दातांच्या डॉक्टरांनी दाढ घासून दिली, मलम दिलं. फोड तिथेच राहिला. श्रावणात तो इतका दुखायला लागला की कथा सांगताना मी डावीकडून बोलायला लागलो. मग तुकडा काढून तपासायला पाठवला.

निकाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "खर्रा किती वर्षांपासून खाता?"

मी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला चुरा, कधी खाल्ला नाही. सुपारीशी माझा संबंध ती गणपती म्हणून पाटावर मांडण्यापुरता. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही हे मला दिसलं. त्यानंतर शेजारी, नातेवाईक, मंदिरातले लोक, सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर म्हटला की माणूस आधी गुन्हेगार ठरतो, रोगी नंतर. खर्रा खाणाऱ्यालाही हे कोणी ऐकवू नये. त्याला काय कमी शिक्षा झालेली असते?

डॉक्टर म्हणाले, अर्धी जीभ काढावी लागेल, मानेतल्या गाठीही काढाव्या लागतील. मी विचारलं, "उच्चार?"

"जीव वाचायची शक्यता चांगली आहे," ते म्हणाले.

मी उच्चारांचं विचारलं होतं.

अकोल्याहून परत येताना मूर्तिजापूरला गाडी थांबली, तेव्हा सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, खिडकीतून गरम भजी घेतली. आम्ही बाहेरचं खात नाही. तिने पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "खाऊन घ्या. नंतर कसं राहते, काय माहीत." मिरची जिभेला झोंबली, डोळ्यांत पाणी आलं आणि ते भज्यांमुळेच आलं असं दोघंही धरून चाललो. पुडा संपवला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या न्हाणीघरात कडी लावून उभा राहिलो आणि मला येत होतं ते म्हणायला लागलो. पुरुषसूक्त झालं, श्रीसूक्त झालं, मंगलाष्टकं झाली. जीभ आहे तोवर म्हणून घ्यावं, एवढाच विचार होता. बाहेर लोकांची रांग लागली. कोणीतरी दार ठोठावलं आणि ओरडलं, "अबे, अंदर लगन लागून राह्यलं का?"

नळी, मुखवटा, बाक

ऑपरेशननंतरचं सगळं सांगत नाही, कारण सगळं आठवतही नाही. आठवते ती तहान. नाकातल्या नळीतून पोटात पाणी जायचं, पण तोंडाला त्याचा पत्ता नसायचा. तिथे एक सिस्टर होती, दर्यापूरकडची. नळीत पातळ जेवण सोडताना ती दर वेळी काय सोडते आहे ते सांगायची. "महाराज, हे वरणाचं पानी हाय. तुमच्या घरच्याईनं वरून तूप टाकलं." पोटाला काय फरक पडणार होता? पण तिने सांगितलं की मला वास आल्यासारखं व्हायचं. ज्यांच्या घरात कोणी नळीवर आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, काय देता ते त्याला सांगा.

मग किरणांचे उपचार सुरू झाले. त्यासाठी आम्ही अकोल्यालाच राहिलो, सुनंदाच्या भावाकडे, विनायककडे. रोज ऑटोने दवाखाना. तिथे चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून तो टेबलाला आवळून टाकतात, म्हणजे मान हलू नये. दुखत काही नाही. पण गळ्यात लाळ जमते, गिळता येत नाही, आणि खोलीतून सगळे निघून जातात. त्या वेळी मनातल्या मनात मंत्र म्हणावा म्हटलं तर मनातही तो तुटका यायचा. याची मला फार भीती वाटली. जीभ गेली ते गेलं, आता आतलाही आवाज चालला की काय, असं वाटायचं.

बाहेरच्या बाकावर आम्ही सगळे तोंडाला रुमाल लावून बसायचो. कोणी बोलायचं नाही, कारण कोणाला येतच नव्हतं. एक दिवस शेजारचा माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी कोणाला विचारलं नाही.

पाटी

बोलता येत नव्हतं म्हणून विनायकने पाटी आणून दिली. पाटीने आमच्या संसाराची जेवढी नासाडी केली तेवढी रोगानेही केली नसेल.

मला घाई असायची. पाणी, उशी, पंखा, औषध, सगळं मी खरडायचो. सुनंदाला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा कधी जागेवर नसतो. ती चष्मा शोधेपर्यंत मी पाटी आपटायचो. ती वाचायची, चुकीचं वाचायची, मी पुसून पुन्हा लिहायचो, अक्षर आणखी वाईट यायचं. एकदा ती म्हणाली, "तुम्ही बोलत नाही तर घर शांत राहील असं वाटलं होतं मला. ही पाटी तर तुमच्याहून मोठ्यानं ओरडून राहिली." मी पाटी फेकली. चौकट निखळली. ती तिने सुतळीने बांधून पुन्हा माझ्या उशाशी ठेवली.

तोंड आतून सोलून निघालं होतं तेव्हाची गोष्ट. एका दुपारी मी पाटीवर सावकाश, नीट लिहिलं, "मला घरी नेऊन मरू द्या." सुनंदाने या वेळी चष्मा न लावताच वाचलं. पदराने पाटी पुसली आणि नळीत ताक सोडायला लागली. ताक गादीवर सांडलं. मला तिची दया आली नाही. खरंच मरावंसं वाटत होतं, आणि ती मला मरू देत नाही याचा रागच आला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तुमच्यापैकी कोणाला तसं वाटत असेल तर निदान आपण एकटेच नाही हे कळावं म्हणून लिहिलं.

रेघा

विनायकच्या बायकोला, नीतावहिनींना, मॉडर्न कॅलिग्राफीचा नाद आहे. मोबाईलवर पाहून शिकल्या. घरात जागोजागी त्यांची वळणदार अक्षरं. फ्रिजवर 'स्वागतम्' का लिहावं, हे मला अजून कळलेलं नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा सल्ला त्यांच्या कानावर गेला आणि त्यांनी माझ्यापुढे ब्रश पेन ठेवला.

"भाऊजी, काही कठीण नाही. खाली येताना दाब द्यायचा, वर जाताना हलक्या हातानं. बस. रिलॅक्स व्हा."

मी पाटीवर लिहिलं, "मी मेलो नाही अजून, रिलॅक्स व्हायला."

त्या हसल्या आणि पेन तिथेच ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. मी तो उचलला तो केवळ बाकी काही करायला नव्हतं म्हणून.

पहिल्याच दिवशी पेनाचं टोक फिसकटलं. साधा कागद खरबरीत असतो, त्यावर ब्रश टिकत नाही, गुळगुळीत कागद लागतो. मग मला आठवलं की आमच्या घरी गुळगुळीत कागदाला तोटा नाही. भिक्षुकाच्या घरी लग्नपत्रिकांचे गठ्ठे असतात. उपचार संपून आम्ही अमरावतीला परतलो, तसा मी तो गठ्ठा काढला आणि पत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर रेघा ओढायला बसलो. माझ्या आजारपणातही पत्रिका येतच होत्या. सगळी माझ्या यजमानांकडचीच लग्नं, लावणारे गुरुजी दुसरे. मला 'सहकुटुंब अवश्य येण्याचे करावे'.

नवशिक्याला अक्षर काढू देत नाहीत. आधी उभ्या रेघा, मग अर्धगोल, मग पूर्ण गोल. दाब देऊन खाली, हलकेच वर. माझी रेघ वर जाताना थरथरायची, खाली येताना शाईचा लोंढा यायचा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, ज्याने दुसऱ्यांच्या पोरांना मुंजीत गायत्री शिकवली, तो 'ग'ची काठी गिरवतो आहे. शांती वगैरे मला काही मिळाली नाही. कित्येकदा मी पत्रिका टराटरा फाडल्या.

पण एक झालं. नीतावहिनींची सवय मलाही लागली. रेघ ओढताना त्या तोंडाने 'खा…ली' आणि 'व…र' म्हणायच्या. मी 'ग' काढताना 'ग' म्हणायला लागलो. घोगरा, लाळेत भिजलेला आवाज निघायचा. पण रेघ जेवढी लांब तेवढा तो लांबवावा लागे, आणि लांबवला की नव्या जिभेला टाळू शोधायला सवड मिळे. आम्ही भिक्षुक भरधाव म्हणणारी माणसं, एका दिवसात तीन ठिकाणी पूजा असतात. 'सावकाश बोला' असं त्या बाई कितीदा म्हणाल्या, मला सावकाश म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. हातात ब्रश असला की जमायचं, ब्रश ठेवला की पुन्हा लगदा.

तपासणीला अकोल्याला गेलो तेव्हा बाईंना हवेत बोट फिरवत 'गोविंद' म्हणून दाखवलं. त्या टाळ्या वाजवायला लागल्या. मी सुनंदाकडे पाहिलं. ती म्हणाली, "आम्हाला कळते हो. बाहेरच्याला कळलं पाहिजे ना."

तिचं बरोबर होतं. 'र' येत नव्हता, 'ळ' नाही, 'ट'पासून 'ण'पर्यंत सगळा खडखडाट. नुसत्या 'नारायण' या एका नावात माझी पुरी दैना व्हायची. रोज पत्रिकेच्या पाठीवर 'नारायण' काढायचो. अक्षर सुधारत गेलं, उच्चार तिथेच. शेवटी मी ठरवलं की आपलं संपलं. पूजेची ताम्हणं, पळ्या धुऊन, पुसून कपाटात ठेवून दिल्या.

नाव ठेवायला

चांदूर बाजारजवळचे दादाराव आमचे वडिलांपासूनचे यजमान. शेतकरी माणूस, आवाज खणखणीत. मी दवाखान्यात असताना त्यांची बायको, गिरजाबाई, गेल्या. मला जाता आलं नाही. आता त्यांच्या मुलाला, सुधाकरला, मुलगी झाली होती आणि तिचं नामकरण होतं. फोन सुनंदाने उचलला. पलीकडचा आवाज मला सोफ्यावर ऐकू येत होता.

"वयनी, महाराजाईले पाठवा. मले दुसरा कोनी नोको."

मी दोन्ही हातांनी नाही नाही करत होतो. सुनंदा माझ्याकडे पाहत म्हणाली, "येतील."

फोन ठेवल्यावर मी पाटी घेतली. ती म्हणाली, "लिहू नका. मी वाचणार नाही." आणि कपाटातून ताम्हण काढलं.

गाडीत मी देवाला हात जोडून एकच मागत होतो, गाडी बंद पडू दे. पडली नाही. ओसरीवर सतरंजी, पाट, समया, माणसं. सुधाकर मला बाजूला घेऊन म्हणाला, "महाराज, तुमाले तरास नाही होऊ देत. आमच्या घराच्या वास्तूपूजेचा व्हिडिओ हाय माह्यापाशी. सुरुवातीचं सारं सारखंच असते ना? तुमचाच आवाज हाय. तो लावतो, तुमी फक्त हातानं करा."

मला हायसं वाटलं. हे कबूल केलं पाहिजे. आनंदाने मान हलवली.

सुधाकर आणि त्याची बायको बाळाला घेऊन पाटावर बसले. दादाराव शेजारी खुर्चीवर. मोबाईल छोट्या स्पीकरला जोडला आणि मी बोलायला लागलो. मी नव्हे, तो. केशवाय नमः. नारायणाय नमः. माधवाय नमः. काय आवाज होता! मी माझा आवाज असा समोरून कधी ऐकला नव्हता. 'ण' कसा वाजायचा! गेलेल्या माणसाच्या तेराव्याला त्यालाच जेवायला बसवावं तसं मला झालं. पाटावरची दोघं तळहातावरचं पाणी भराभर पीत होती. मग संकल्प आला आणि आवाज म्हणाला, "यजमान दादाराव, धर्मपत्नी सौभाग्यवती गिरजाबाई. काकू, तुमचा हात काकांच्या हाताला लावा."

सुधाकर मोबाईलकडे झेपावला, पण घाबरून त्याला तो बंदच करता येईना. आवाज पुन्हा म्हणाला, "लावा काकू, लाजता काय?" मागून हशा आला, त्या वेळच्या लोकांचा, आणि त्यात गिरजाबाईंचाही. दादारावांनी उजवीकडे पाहिलं. तिथे भिंत होती. ते पाहतच राहिले.

मी उठलो, स्पीकरची वायर उपटली आणि परत बसलो.

आता करायचं काय? सगळे माझ्याकडे पाहत होते. बाळ तेवढं पाय झाडत होतं. नाव लिहिण्यासाठी ताटात तांदूळ पसरून ठेवले होते, सोन्याची अंगठी बाजूला. बापाने अंगठीने त्यात नाव लिहायचं असतं, पण त्याला अजून अवकाश होता. मी ताट माझ्यापुढे ओढलं. तांदळात बोट घातलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दाब देऊन खाली, हलकेच वर. 'के' काढला, 'के' म्हटलं. शवाय. नमः. लाळ ओघळली, उपरण्याने पुसली. आवाज चिखलातून पाय ओढल्यासारखा येत होता. सुधाकरने पाणी प्यायलं आणि पाठोपाठ म्हटलं, केशवाय नमः.

मग 'ना' काढला. तांदळात तो सुंदर आला, नीतावहिनींनी वाखाणला असता. तोंडातून आलं ते असं, "नायायनाय नमः."

माझे कान तापले. इतके महिने ज्याची भीती होती ते सगळ्या गोतावळ्यासमोर झालं होतं. वडिलांच्या हिशोबाने हा मंत्र नव्हता, आणि या पोरीच्या पहिल्या संस्काराला मी नुसता आवाज काढत होतो. उठून जावं म्हणून मी पाटाला हात टेकला.

सुधाकर शिकलेला, त्याने बरोबर म्हटलं, "नारायणाय नमः."

खुर्चीवरून दादारावांचा आवाज आला, "काहून बे? महाराज म्हनतात तसं म्हन."

"पण बाबा…"

"महाराज म्हनतात तसं म्हन!" आणि त्यांनी स्वतः हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "नायायनाय नमः."

सुधाकरने म्हटलं. त्याच्या बायकोने म्हटलं. मागे सतरंजीवरच्या बाया, माणसं, सगळ्यांनी म्हटलं, नायायनाय नमः, जसं मी म्हटलं तसंच. सुनंदा दाराशी उभी होती, तिचेही ओठ हलले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

तांदूळ हाताने सारखे केले. 'मा'ची पहिली काठी दाब देऊन खाली ओढली आणि पुढचं नाव घेतलं.